कॉट बेसिस की स्वतंत्र खोली? : चालू विंडोजमधून लिनक्स बसवताना

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशनचा आठवडा, रात्रीचा एक वाजलेला. आमच्या विंगमधल्या एका मित्राला ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलचे तीन प्रोग्रॅम सकाळपर्यंत लिनक्सवर चालवून त्यांचे प्रिंटआउट फाइलला लावायचे होते. लॅपटॉपवर फक्त विंडोज. शेजारच्या खोलीतून पेनड्राइव्ह आला, लॅपटॉप त्यावरून सुरू झाला, इन्स्टॉलरने विचारलं, "कुठे बसवू?" पठ्ठ्याने दिसला तो पहिला पर्याय निवडला. डिस्क पूर्ण पुसली जाईल असं त्या पर्यायातच लिहिलं होतं. पण रात्री एक वाजता वाचतो कोण? वीस मिनिटांत लिनक्स झकास बसलं. विंडोज गेलं, सेमिनारचा रिपोर्ट गेला, तीन वर्षांचे गॅदरिंगचे फोटो गेले. प्रॅक्टिकलचे तीनही प्रोग्रॅम मात्र पहिल्या फटक्यात चालले!

यात दोष ना लिनक्सचा, ना विंडोजचा, ना पेनड्राइव्ह देणाऱ्याचा. दोष एवढाच, की आपण नेमकं काय करतोय हे त्याला माहीत नव्हतं, आणि शेजारी उभं राहून सल्ले देणाऱ्या आम्हा चौघांनाही नव्हतं. त्याला हवा होता फक्त एक कंपायलर आणि 'फोर्क' नावाची एक सिस्टिम कॉल. म्हणजे गरज एका कॉटची होती, आणि आम्ही अख्खं घर पाडून नवीन बांधलं.

म्हणून हा लेखप्रपंच. चालू असलेल्या सिस्टिममधून दुसरी सिस्टिम कशी बसवायची, त्याचे किती मार्ग आहेत, आणि कुठल्या मार्गाने गेल्यावर काय पणाला लागतं, हे एकदा नीट समजून घेऊ. (कमांड मासिकाच्या सोयीसाठी देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.)

इन्स्टॉल म्हणजे नक्की काय?

आपल्याला वाटतं, इन्स्टॉल म्हणजे 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश'. प्रत्यक्षात कुठलाही इन्स्टॉलर फक्त चार कामं करतो.

१. जागा : डिस्कवर नव्या सिस्टिमसाठी जागा ठरवणं आणि तिच्यावर फाइल सिस्टिम तयार करणं. विंडोजची फाइल सिस्टिम एनटीएफएस, लिनक्सची बहुतेक वेळा ईएक्सटी-४.

२. सामान : त्या जागेत सिस्टिमच्या फाइली आणून ठेवणं. कर्नल, लायब्ररी, कमांड, सगळं.

३. पत्ता : कुठली फाइल सिस्टिम कुठे जोडायची, मशीनचं नाव काय, यूजर कोण, पासवर्ड काय, याची नोंद करणं.

४. दार : मशीन सुरू झाल्यावर कर्नलपर्यंत कसं पोचायचं याची सोय करणं. यालाच बूटलोडर म्हणतात. लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर म्हणजे ग्रब.

ही चार कामं लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख यांच्याभोवतीच फिरणार आहे. आमच्या मित्राचं पहिल्याच कामात चुकलं. बाकीची तीन कामं इन्स्टॉलरने अगदी चोख केली.

आता तुम्ही म्हणाल, एक सिस्टिम चालू असताना दुसरी कशी बसेल? अडचण अशी आहे, की मशीनच्या प्रोसेसरवर, मेमरीवर आणि डिस्कवर एका वेळी एकाच कर्नलचा ताबा असतो. विंडोजचं कर्नल गादीवर बसलेलं असताना लिनक्सचं कर्नल "जरा सरक" म्हणू शकत नाही. त्यामुळे आतून बसवण्याचे दोनच प्रकार उरतात. एक, आत्ता फक्त तयारी करायची आणि रीस्टार्ट झाल्यावर नव्या कर्नलला गादी द्यायची. दोन, नव्या कर्नलसाठी एक खोटं मशीन उभं करायचं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. त्यात ते स्वतःला राजा समजून खुशाल राज्य करतं, आणि खरा मालक बाहेर बसून बघत असतो.

जुनी मंडळी : लोडलिन ते वुबी

ही कल्पना आजची नाही. नव्वदच्या दशकात डॉसच्या काळात लोडलिन नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. डॉस चालू असताना तो चालवायचा. तो लिनक्सचं कर्नल मेमरीत आणायचा, डॉसला बाजूला सारायचा आणि ताबा कर्नलकडे द्यायचा. जोडीला यूएमएसडॉस नावाची फाइल सिस्टिम होती. तिच्यामुळे लिनक्स डॉसच्याच पार्टिशनवर एका फोल्डरमध्ये राहू शकत असे. डॉसच्या फाइल सिस्टिमला ना लांब नावं कळत, ना फाइलचा मालक, ना परवानग्या. ही सगळी माहिती यूएमएसडॉस प्रत्येक फोल्डरमधल्या एका खास फाइलमध्ये लिहून ठेवायची. झिपस्लॅक नावाचं स्लॅकवेअरचं एक रूप याच युक्तीवर चालायचं : झिप फाइल उलगडा, लोडलिनने सुरू करा, पार्टिशनला हात लावायची गरज नाही.

यानंतरचा प्रसिद्ध अवतार म्हणजे वुबी. एप्रिल २००८ मध्ये आलेल्या उबुंटू ८.०४ बरोबर वुबी अधिकृतपणे मिळू लागलं. त्या काळात होस्टेलवर राहिलेल्या सिनियरांना विचारा, डोळ्यांत चमक येईल. उबुंटूची सीडी विंडोजमध्ये घालायची, एक छोटी खिडकी उघडायची. कुठल्या ड्राइव्हवर, किती जीबी, यूजरचं नाव, पासवर्ड, एवढेच प्रश्न. मग रीस्टार्ट. काढायचं असेल तर 'ॲड-रिमूव्ह प्रोग्रॅम्स' मधून, एखादा गेम काढावा तसं!

मग वुबीने ती चार कामं कशी केली?

जागा : नवीन पार्टिशन केलंच नाही. विंडोजच्या ड्राइव्हवर 'उबुंटू' नावाचा फोल्डर, त्यात 'रूट डॉट डिस्क' नावाची एकच भलीमोठी फाइल. या फाइलच्या पोटात लिनक्सची पूर्ण फाइल सिस्टिम. फाइललाच डिस्क समजून जोडण्याच्या या पद्धतीला लूप माउंट म्हणतात. सामान आणि पत्ता : दोन्ही त्या फाइलच्या आत. दार : विंडोजच्या स्वतःच्या बूटलोडरमध्ये एक जादा ओळ. तिथून वुबीचा छोटा लोडर सुरू व्हायचा, तो रूट डॉट डिस्क शोधायचा आणि कर्नल उचलायचा.

म्हणजे वुबी हा पोटभाडेकरू होता. दाराची किल्ली विंडोजची, भिंती एनटीएफएसच्या, आत संसार लिनक्सचा. आणि पोटभाडेकरूचं जे होतं तेच वुबीचं झालं. एक तर प्रत्येक वाचन-लेखन दोन फाइल सिस्टिममधून जायचं, त्यामुळे डिस्कचं काम थोडं हळू. दुसरं, हायबरनेट करता येत नसे. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, वीज अचानक गेली तर धोका दुप्पट. आतली फाइल सिस्टिम बिघडली तर लिनक्स गेलं. बाहेरची एनटीएफएस बिघडली तर ती अख्खी फाइलच जायची. विंडोजचं चेकडिस्क कधी कधी ती रूट डॉट डिस्क उचलून 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकून द्यायचं आणि लिनक्स सुरूच होईना. भारनियमनाच्या त्या दिवसांत, बॅटरी संपलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर, हे काही क्वचित घडणारं संकट नव्हतं.

शेवटी मालकाने कुलूपच बदललं. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ आलं आणि त्याबरोबर नव्या मशीनवर जुन्या बायोसऐवजी यूईएफआय आणि सिक्युअर बूट रूढ झालं. वुबीची दाराची युक्ती जुन्या पद्धतीवर बेतलेली होती. एप्रिल २०१३ च्या उबुंटू १३.०४ मधून वुबी वगळण्यात आलं.

वुबी गेलं, पण शिकवण ठेवून गेलं : नव्या सिस्टिमची जागा आणि दार ज्याच्या हातात, तिचं आयुष्य त्याच्या हातात.

आजची कॉट बेसिस : डब्ल्यूएसएल

आज विंडोजच्या आतून लिनक्स हवं असेल तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे डब्ल्यूएसएल, म्हणजेच विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स. ते २०१६ मध्ये विंडोज १० वर आलं. पहिल्या आवृत्तीत लिनक्सचं कर्नल नव्हतंच. लिनक्स प्रोग्रॅमने केलेल्या सिस्टिम कॉलचं विंडोजच्या भाषेत भाषांतर करणारा एक दुभाषा मध्ये बसवला होता. दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये जाहीर झाली. तिच्यात दुभाषा काढून खरंखुरं लिनक्स कर्नल एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवलं जातं. म्हणजे वर सांगितलेला दुसरा प्रकार.

बसवायची कृती अशी :

१. बायोस किंवा यूईएफआय सेटिंगमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना, ते बघा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, इथेही ते दिसतं.

२. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल उघडा आणि 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' अशी कमांड द्या. वेगळं काही सांगितलं नाही तर उबुंटू उतरतं.

३. रीस्टार्ट करा. पहिल्यांदा उघडल्यावर लिनक्ससाठी यूजर आणि पासवर्ड विचारेल. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो, घाबरू नका.

४. आता 'सुडो एपीटी अपडेट' आणि त्यानंतर 'सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल'. झालं, जीसीसी हजर.

होस्टेलचं नेट धड चालत असेल तर अर्ध्या तासाचं काम. आमच्या मित्राला त्या रात्री एवढंच करायचं होतं!

आता गंमत बघा. डब्ल्यूएसएल-२ ने लिनक्सची फाइल सिस्टिम कुठे ठेवली? विंडोजच्या ड्राइव्हवर, 'ईएक्सटी-४ डॉट व्हीएचडीएक्स' नावाच्या एका भल्यामोठ्या फाइलमध्ये. ओळखीचं वाटतंय ना? रूट डॉट डिस्कचाच चुलतभाऊ. त्यामुळे काही जुनी पथ्यं आजही लागू आहेत.

एक : ही फाइल सामान वाढेल तशी फुगते, पण आतलं सामान काढलं की आपोआप आकसत नाही. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर आधी जागा करा.

दोन : आपला कोड लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवरच्या फाइली लिनक्समधून वापरता येतात, पण त्या वाटेने मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायला घेतला तर चहा पिऊन येण्याइतका वेळ मिळतो.

तीन : 'डब्ल्यूएसएल --अनरजिस्टर' ही कमांड फार जपून वापरा. ती लिनक्स काढते, म्हणजे ती अख्खी फाइल आतल्या प्रोजेक्टसकट पुसते. रिसायकल बिनमध्ये काही सापडत नाही. त्याआधी 'डब्ल्यूएसएल --एक्स्पोर्ट' वापरून सगळं एका फाइलमध्ये बाहेर काढून घ्या.

चार : हे व्हर्च्युअल मशीन गरज पडेल तशी साधारण अर्ध्यापर्यंत रॅम घेऊ शकतं. ४ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर, संपादक आणि डब्ल्यूएसएल एकत्र म्हणजे एका कॉटवर तिघे.

कॉट बेसिसला आणखी काही बंधनं असतात. यूएसबीला लावलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड डब्ल्यूएसएलला थेट दिसत नाही. त्यासाठी विंडोजच्या बाजूने वेगळं साधन घालून तो आत पोचवावा लागतो. कर्नल मॉड्यूल लिहायचे असतील, ड्रायव्हर शिकायचे असतील, तर कर्नल दुसऱ्याने बांधून दिलेलं असल्याने काम अडतं. अशांनी व्हर्च्युअलबॉक्ससारखं पूर्ण व्हर्च्युअल मशीन घ्यावं. तिथे लिनक्सचं स्वतःचं कर्नल, स्वतःचं ग्रब, सगळं असतं. शिवाय स्नॅपशॉट घेता येतो. मोडलं तर पाच मिनिटांत मागच्या जागी.

स्वतंत्र खोली : ड्युअल बूट

मग खऱ्या पार्टिशनवर लिनक्स घ्यावं कोणी? ज्यांची रॅम कमी आहे, ज्यांना हार्डवेअरची पूर्ण ताकद हवी आहे, ज्यांना रोजचं काम लिनक्सवरच करायचं आहे त्यांनी. आणखी एक मोठा गट आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. दादा-ताईकडून वारशाने आलेले आपले बरेच लॅपटॉप त्यात बसत नाहीत. त्यांना लिनक्स म्हणजे नवं आयुष्यच.

इथे विंडोजमधून करायची असते ती तयारी. खरी शस्त्रक्रिया रीस्टार्टनंतर. तयारीचा क्रम बदलू नका :

१. बॅकअप. बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर कॉपी केली म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. सी आणि डी ही एकाच खोलीतली दोन कपाटं आहेत, खोली जळली तर दोन्ही जातात.

२. बिटलॉकरची किल्ली. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर आपल्या नकळत डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून शोधून कागदावर लिहून ठेवा. बूटची व्यवस्था बदलली की विंडोज ही की मागू शकतं. ती नसेल तर डेटा जागेवर असूनही आपल्याला नाही. पार्टिशन बदलण्याआधी हे संरक्षण तात्पुरतं थांबवलेलं बरं.

३. फास्ट स्टार्टअप बंद. विंडोज ८ पासून 'शटडाउन' म्हणजे खरं शटडाउन नसतं. विंडोजचं कर्नल अर्धवट झोपलेल्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवलं जातं, आणि एनटीएफएस तेव्हा मोकळी सोडलेली नसते. अशा वेळी लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या सेटिंगखाली याची खूण काढून टाका.

४. जागा मोकळी करा. स्टार्टवर राइट क्लिक, 'डिस्क मॅनेजमेंट', मग ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम'. उबुंटू डेस्कटॉपला किमान २५ जीबी लागतात, पण ५०-६० जीबी दिलेत तर पुढे पस्तावणार नाही. ड्राइव्हवर १०० जीबी रिकामे असूनही विंडोज २० जीबीच देऊ करत असेल तर मध्येच पेज फाइल किंवा हायबरनेशनची फाइल ठाण मांडून बसलेली असते. त्या फाइली तात्पुरत्या बंद करून पुन्हा बघा. मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' म्हणून काळ्या पट्टीत दिसेल. ती तशीच सोडा, तिथे विंडोजमधून नवीन ड्राइव्ह करू नका. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन चालतात. पाचवं करायला गेलात आणि विंडोजने 'डायनॅमिक डिस्क करू का?' असं विचारलं तर नाही म्हणा.

५. पेनड्राइव्ह. १६ जीबीचा घ्या म्हणजे प्रश्न नको. इमेज मित्राकडून आली असेल तर तिचा एसएचए-२५६ चेकसम विंडोजच्या 'सर्टयूटिल' कमांडने काढून अधिकृत आकड्याशी ताडून बघा. इमेज चार खोल्या फिरून येते, एखादी कॉपी अर्धवट असू शकते.

आता रीस्टार्ट करून पेनड्राइव्हवरून सुरू व्हा. आधी 'ट्राय' करून वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का बघा. मग इन्स्टॉलर. तो जागा विचारेल तो क्षण म्हणजे सगळ्या लेखाचं सार. 'पूर्ण डिस्क पुसा' नाही. 'विंडोजच्या शेजारी बसवा' चालेल. स्वतः नेमकेपणाने करायचं असेल तर मॅन्युअल पर्याय घेऊन ती मोकळी जागा निवडा, ईएक्सटी-४ द्या आणि माउंट पॉइंट म्हणून एकच तिरकी रेघ, म्हणजे रूट. यूईएफआयच्या मशीनवर एक छोटं फॅट-३२ पार्टिशन दिसेल, त्याला ईएसपी म्हणतात. दोन्ही सिस्टिमची दारं तिथेच असतात. ते वापरायचं, पण फॉरमॅट अजिबात करायचं नाही. केलं तर विंडोजचं दार गेलं.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर थांबा. काही लॅपटॉपवर डिस्क रेड मोडमध्ये असते. घाईघाईने सेटिंगमध्ये मोड बदललात तर लिनक्सला डिस्क दिसेल, पण विंडोज सुरू होणार नाही. त्यासाठी विंडोजच्या बाजूने आधी तयारी करावी लागते. जाणकाराला विचारा.

आणि सगळं नीट झाल्यावर एक गंमत नक्की होईल. लिनक्स वापरून पुन्हा विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे! रात्रीचे ११ वाजलेत आणि विंडोज म्हणतंय संध्याकाळचे साडेपाच. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून नेमका तेवढाच फरक. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की भांडण मिटतं.

इन्स्टॉलरशिवाय : समजून घेण्यासाठी एक प्रयोग

ती चार कामं खरोखर चारच आहेत का, हे स्वतः पडताळायचं असेल तर चालू लिनक्समधून दुसरं लिनक्स हाताने बसवून बघा. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलेशन मार्गदर्शिकेच्या परिशिष्टात यावर वेगळा विभागच आहे. व्हर्च्युअलबॉक्समधल्या लिनक्सला एक दुसरी रिकामी व्हर्च्युअल डिस्क जोडा, म्हणजे खऱ्या डिस्कला धक्का नाही.

त्या डिस्कवर पार्टिशन करून ईएक्सटी-४ तयार करा आणि ते 'एमएनटी' फोल्डरवर माउंट करा : जागा झाली. 'डीबूटस्ट्रॅप' ही कमांड चालवा, ती डेबियनची मूळ पॅकेजेस आणून तिथे मांडते : सामान झालं. मग 'डेव्ह', 'प्रॉक' आणि 'सिस' हे फोल्डर आत जोडून 'सीएचरूट' करा. आता तुमच्या शेलला नवी डिस्क म्हणजेच सगळं जग वाटतं. आत राहून एफएसटॅब लिहा, पासवर्ड द्या : पत्ता झाला. कर्नलचं पॅकेज आणि ग्रब बसवा : दार झालं. रीस्टार्ट करून त्या डिस्कवरून सुरू करा.

यात एक क्षण फार शिकवून जातो. सीएचरूटच्या आत असताना 'यूनेम -आर' देऊन बघा. फाइली नव्या सिस्टिमच्या, पण कर्नल जुनंच दिसतं! फोल्डरचं मूळ बदललं, गादीवरचा राजा तोच. कर्नल आणि बाकीची सिस्टिम वेगळ्या गोष्टी आहेत, हे थिअरीच्या तासाला चार वेळा ऐकूनही जे डोक्यात शिरत नाही, ते या एका ओळीने शिरतं. सीएचरूट १९७९ च्या सातव्या युनिक्सपासून आहे, आणि आजच्या कंटेनरमागेही एकच कर्नल अनेकांनी वापरण्याची हीच कल्पना आहे. सरांनी आणि मॅडमनी मनावर घेतलं तर प्रॅक्टिकलच्या यादीत हा प्रयोग सहज बसेल.

खोली सोडताना

बसवण्यापेक्षा काढताना जास्त जण फसतात. लिनक्स नको म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ते पार्टिशन उडवलं, रीस्टार्ट केलं, आणि काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू'. जुन्या बायोसच्या मशीनवर ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या सुरुवातीला असतो आणि बाकीचं सामान लिनक्सच्या पार्टिशनवर. सामान उडवलं, पण दार तेच राहिलं. म्हणून क्रम उलटा ठेवा : आधी दार, मग जागा. यूईएफआय असेल तर सेटिंगमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणा, विंडोज सुरू होतंय याची खात्री करा, आणि मगच पार्टिशन काढा. जुन्या मशीनवर विंडोजच्या रिकव्हरी डिस्कवरून 'बूटरेक' कमांडने मूळ बूटलोडर परत लिहावा लागतो. ती डिस्क आधी हाताशी असू द्या.

आणि हो, हे सगळं स्वतःच्या मशीनवर. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर प्रयोग करायचे असतील तर आधी लॅब असिस्टंटना विचारा. दुसऱ्या दिवशी तिथे दुसऱ्या बॅचचं प्रॅक्टिकल असतं.

तर मग कोणी काय घ्यावं?

फक्त प्रॅक्टिकल, कंपायलर, पायथन, सर्व्हर शिकायचा असेल तर डब्ल्यूएसएल. कर्नल, ड्रायव्हर, मोडतोड करून शिकायचं असेल तर व्हर्च्युअल मशीन. लॅपटॉप जुना असेल किंवा लिनक्स हेच घर करायचं असेल तर ड्युअल बूट, आणि तेही सुट्टीच्या दिवशी, दिवसाउजेडी, चार्जर लावून. सबमिशनच्या आठवड्यात कधीच नाही.

मार्ग कुठलाही घ्या, बटण दाबायच्या आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा : याची जागा कुठे आहे, आणि दार कोणाच्या हातात आहे? उत्तर देता येत नसेल तर पेनड्राइव्ह काढा आणि झोपा. सकाळी डोकं जास्त चालतं.

आमच्या मित्राचा सेमिनार रिपोर्ट शेवटी अर्धा सापडला. गाइडना मेल केलेली जुनी आवृत्ती होती. उरलेला अर्धा आम्ही चौघांनी मिळून दोन रात्री बसून पुन्हा टाइप केला, कारण सल्ला आमचाच होता. फोटो मात्र गेले ते गेलेच. आज त्याच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही सुखाने नांदतात, आणि कपाटात एक बाहेरची हार्ड डिस्क असते. तिच्यावर त्याने स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'आधी मी'.